समासातली नावं

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी मार्थाबाईंचं नाव घेतो. आईवडिलांचं देणं वेगळं, त्याला उपकार म्हणता येत नाही. पण पाचोडच्या शाळेतून बारावी होऊन आलेला, घराण्यात पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढलेला मुलगा आज पैठणला शाळेत मराठी शिकवतो आणि फळ्यावर चुकलं तर वर्गासमोर "चुकलो" म्हणू शकतो, ते मार्थाबाईंमुळे.

आणि त्यांच्याशीच मी एकदा खोटं बोललो. एकच शब्द होता. पण तो अजून माझ्याकडेच आहे.

मार्थाबाई सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. शहरातल्या छावणीच्या मागच्या बाजूला, चार घरांचं मिळून एक अंगण होतं, तिथं त्यांच्या दोन खोल्या. मी बी.ए.ला आलो तेव्हा आमच्या गावच्या चर्चच्या पाळकांनी त्यांच्या नावे चिठ्ठी दिली होती. बाईंनी चिठ्ठी घेतली, उलटीसुलटी केली आणि माझ्याच हातात परत दिली.

"चष्मा सापडंना बाळा. तूच वाच बरं."

मी माझीच शिफारस त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. मुलगा गरीब आहे, प्रामाणिक आहे, फार अभ्यासू आहे. 'फार अभ्यासू'पाशी माझा आवाज जरा चढला असावा.

"अभ्यासू म्हणलंय का? बरंय," बाई म्हणाल्या. "जेवलाय का नाय, ते लिहायचं राहिलं वाटतं. बस, भाकरी टाकते."

दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्याकडे शास्त्रवाचन असायचं. सहा-सात माणसं, सतरंजी, बिनसाखरेचा चहा. बाईंचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, जाडजूड, पाठीला कापडाची पट्टी चिकटवलेलं; त्याच्या शिवणीला दोरा बांधून एक बोटभर पेन्सिल लोंबत असायची. आणि चष्मा हमखास हरवलेला. मग ज्याची त्या दिवशी गरज असेल त्याला बाई वाचायला बसवायच्या. गरज म्हणजे काय ते मला कळायला वर्ष गेलं.

आमच्यात विलास नावाचा रिक्षावाला होता. चर्चमधलं नाताळचं नाटक तोच बसवायचा. त्याच्या नाटकात बाळ येशू गोठ्यात, शेळ्यामेंढ्या, मेंढपाळ, आणि त्याच गोठ्यात ताऱ्यामागून पूर्वेकडून आलेले, मुकुट घातलेले तीन मागी राजे. एका गुरुवारी बाईंनी त्याच्यापुढं मत्तयाचा दुसरा अध्याय उघडून ठेवला.

"विलास, चष्मा सापडंना. वाच की जरा."

विलास भरभर वाचत गेला आणि मधेच थांबला. मागची ओळ पुन्हा वाचली.

"बाई, हितं तर ते मागी घरात गेले म्हणतंय. गोठा नाय."

"असं व्हय? परत वाच बरं."

त्यानं परत वाचलं. "अन् तीन कुठं म्हणलंय? राजे बी नाय म्हणलेले."

"मला काय ठाऊक. मी तर ऐकतेय."

विलासचा चेहरा पडला. "पण बाई, मुकुट तीन करून बसलोय. चमकीचा कागद चिकटवून."

"मग तीन येऊ दे. बाकीचे मागून येतायत म्हणावं."

पुढच्या नाताळात विलासनं नाटकाआधी उभं राहून सगळ्या मंडळीला सांगितलं, की मी स्वतः शास्त्राचा अभ्यास करून एक गोष्ट शोधली आहे. बाई दुसऱ्या बाकावर होत्या. त्यांनी सगळ्यांत आधी मान डोलावली. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "लई चांगलं शोधलंस रे." त्यात थट्टा नव्हती. मी नीट पाहिलं होतं.

चूक दुसऱ्याची असली की चष्मा हरवायचा. चूक स्वतःची असली तर तो लगेच सापडायचा. हे मी पाहिलं ते मुमताजबींच्या वेळी.

मुमताजबी अंगणापलीकडच्या शेजारीण. त्यांचं माहेर सिल्लोडकडचं, घरी शेळ्या होत्या. बाई रविवारी दुपारी अंगणात मुलांना शिकवत होत्या. मेंढपाळाच्या काठीचं स्तोत्र चालू होतं. बाईंनी सांगितलं, की मेंढरू वाट चुकलं की मेंढपाळ काठीनं मारतो, तसा देव आपल्याला शिक्षा करतो. मुमताजबी गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बाई, बकरी को लकडी मारे तो वो पास आती क्या? और दूर भागती. लकडी कुत्ते के वास्ते रहती, लांडग्या के वास्ते."

बाईंनी कमरेची डबी काढून चष्मा लावला आणि ते स्तोत्र मनाशी वाचलं. तिथं काठी धीर देते असंच लिहिलं आहे. मार खाणाऱ्याला काठीचा धीर कसा येईल?

"मुलांनो," त्या म्हणाल्या, "मी चुकीचं सांगितलं. इतकी वर्षं चुकीचं सांगत आले. हे आत्ता मला मुमताजबींनी शिकवलं." आणि मुलांसमोर पेन्सिल घेऊन त्या ओळीशेजारच्या समासात लिहिलं: मुमताजबी. काठी लांडग्यासाठी.

तेव्हा मला पहिल्यांदा ते समास दिसले. पानापानावर बारीक अक्षरात नावं होती. कुठं 'रूथ, तिसरी', कुठं 'वॉर्डातली आजी', कुठं 'पाळकसाहेब', आणि पुढं तीन-चार शब्दांत त्यांनी काय शिकवलं ते. जिथं जिथं बाई चुकल्या होत्या, तिथं तिथं त्यांना सावरणाऱ्याचं नाव.

त्या समासात आपलं नाव यावं असं मला वाटू लागलं. इथूनच माझं बिघडलं.

दुसऱ्या वर्षाला असताना ती संधी मिळाली. श्रीमंतानं देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाला सुईच्या नाकातून जाणं सोपं, या वचनाचा अर्थ बाई असा सांगायच्या, की यरुशलेमेत 'सुईचं नाक' नावाचा एक बुटका दरवाजा होता, उंट तिथून गुडघे टेकून जायचा. मी ग्रंथालयात वाचलं होतं, की अशा दरवाजाला काहीही पुरावा नाही. गुरुवारी सगळ्यांदेखत मी ते सांगितलं. चांगलं लांबवून सांगितलं.

"असं? कुठं वाचलंस, मला दाखवशील?" बाईंनी विचारलं. दुसऱ्या दिवशी मी पुस्तक नेलं. त्यांनी चष्मा लावून ते पान दोनदा वाचलं आणि समासात लिहिलं: शांतवन, पाचोड. दरवाजा नव्हता, सुई म्हणजे सुईच.

माझं नाव, गावासकट. मी हवेत होतो. बाईंनी चूक कशी मान्य केली ते मी पाहिलं नाही. मी फक्त एवढंच पाहिलं, की मी बरोबर होतो.

आता दौलतबाबांचं सांगतो.

दौलतबाबा म्हातारे गवंडी. सिमेंटनं भेगाळलेली बोटं, डोक्याला उपरणं. वाचता येत नव्हतं. रविवारच्या उपासनेत गाण्यांनंतर साक्षीची वेळ असते. देवानं आपलं काय केलं, हे ज्याला सांगायचं असेल त्यानं उठून सांगायचं. दौलतबाबा महिन्यातून एकदा तरी उठायचे आणि उधळ्या पुत्राची गोष्ट सांगायचे. धाकटा पोरगा वाटा घेऊन निघून जातो, सगळं उडवतो, उपाशी मरायची वेळ येते तेव्हा घरी परत येतो, आणि बाप त्याला लांबूनच बघून धावत जातो. गोष्ट सगळ्यांना पाठ. पण दौलतबाबांच्या गोष्टीत एक माणूस जास्त होतं.

"बाप दारात व्हता," ते सांगायचे, "अन् आई चुलीपाशी. ती रोज एक भाकर टोपल्यात झाकून ठेवायची. पोरगं दिसलं तसा बाप पळत सुटला. पण आई उठली नाय. ती म्हणली, तुम्ही जा म्होरं, मी भाकर गरम करते."

इथं बायका पदर डोळ्यांना लावायच्या.

एका गुरुवारी वाचन संपल्यावर मी आणि दौलतबाबा बरोबर निघालो. वाटेत त्यांनी मला आपण होऊन सांगितलं. त्यांचा मुलगा योहान भांडून सुरतेला गेला तो परत आला नाही. त्यांची बायको रोज एक भाकरी झाकून ठेवायची. ती गेली त्या दिवशी पण टोपल्यात भाकरी होती. "तिला कुठंतरी ठेवायला पायजे ना," बाबा म्हणाले. "म्हणून गोष्टीत ठेवलीय."

मला हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या.

महिन्याभरानं आमच्या चर्चला नगरहून एक मोठे पाळक आले. पाळक होण्याच्या धर्मशिक्षणासाठी कोणा तरुणाची शिफारस करता येईल का, हे ते पाहणार असल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. मला जायचं होतं. गाणी झाली, साक्षीची वेळ आली. दौलतबाबा उठले. बाप दारात, आई चुलीपाशी.

मी उभा राहिलो.

"बाबा, माफ करा," मी म्हणालो, "पण या गोष्टीत आई नाही. लूकचा पंधरावा अध्याय काढून बघा. जे शास्त्रात लिहिलेलं नाही ते आपण सांगू नये."

काढून बघा. ज्याला वाचता येत नाही, त्याला.

दौलतबाबा तसेच उभे राहिले. त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. मग मला विचारलं, अगदी खरोखरीचं, विद्यार्थ्यानं विचारावं तसं, "नाय व्हय? मग चुलीपाशी कोण व्हतं?"

पाहुणे पाळक माझ्याकडे पाहत होते. दौलतबाबा खाली बसले. दुसऱ्या बाकावर मार्थाबाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, मिटला आणि डबीत ठेवून दिला.

बाहेर विलासनं मला गाठलं. "शांत्या, लई शिकला रे तू. सगळ्या घरात एकटाच शिकला ना, दिसतंय."

"विलास, थांब," बाई मधे आल्या. "त्याला बाबांच्या घरचं ठाऊक नसंल." मग माझ्याकडे वळल्या. "तुला ठाऊक नव्हतं ना रे?"

"नाही," मी म्हणालो.

हाच तो शब्द.

बाईंनी मान हलवली. त्या दिवसापासून मंडळीत कोणी माझ्याविषयी काही बोललं की बाई सांगायच्या, पोराला ठाऊक नव्हतं. पाळकांना सांगितलं, विलासला पुन्हा सांगितलं, मुमताजबींनाही सांगितलं. माझं खोटं त्या घरोघरी खरं करत फिरल्या.

दोन दिवसांनी मला घेऊन दौलतबाबांच्या घरी गेल्या. एका खोलीचं घर, कोपऱ्यात चूल. गॅस आला होता तरी चूल मोडलेली नव्हती.

"बाबा, पोराला घेऊन आले," बाई म्हणाल्या. "त्याला तुमच्या घरचं ठाऊक नव्हतं."

दौलतबाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग बाईंना म्हणाले, "व्हय. त्याला कुठून ठाऊक असणार."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. खोलीत आम्ही तिघंच होतो. दोघांना खरं ठाऊक होतं, आणि दोघं गप्प राहिले. एक मला वाचवायला आणि मी स्वतःला वाचवायला.

बाईंनी शास्त्र माझ्यापुढं केलं. "चष्मा सापडंना. बाबांना ती गोष्ट वाचून दाखव."

मी वाचू लागलो. बाप धावत गेला तिथं बाबांनी हात वर केला. "पळाला ना? म्हातारा माणूस पळाला. ते तर हाय." मी पुढं वाचलं. अंगठी, जोडा, मेजवानी, रुसलेला थोरला मुलगा. गोष्ट संपली.

"आई नाय," बाबा म्हणाले.

"नाही बाबा."

"बरं झालं सांगितलंस. मी इतकी वर्षं खोटं सांगत व्हतो."

हे त्यांनी माझ्यासमोर म्हणावं.

तेवढ्यात बाईंनी माझ्या हातातल्या पानावर बोट ठेवलं. समासात जुन्या, फिकट अक्षरात लिहिलं होतं: दौलत गवंडी. भूक लागली म्हणून आला, तरी घेतला.

"मी मुलांना शिकवायचे," बाई म्हणाल्या, "पोराला पूर्ण पश्चात्ताप झाला, मन धुऊन निघालं, म्हणून बापानं घेतलं. तर एकदा बाबा म्हणले, बाई, तसं नाय, त्याला भूक लागली व्हती. बापाच्या घरी भाकरी हाय एवढंच आठवलं त्याला. अन् माफीचं पाठ करून आणलेलं बापानं पुरतं बोलू बी दिलं नाय. मी घरी जाऊन वाचलं. तसंच हाय. बाबा, हे तुम्ही शिकवलंत मला."

"मी?" दौलतबाबा म्हणाले. "मला तर वाचता येत नाय बाई."

त्यानंतर त्यांनी साक्ष दिली नाही. चर्चला मात्र यायचे, शेवटच्या बाकावर. साक्षीची वेळ झाली की ते पुढच्या बाकाच्या पाठीवर हात ठेवायचे, उठताना ठेवतात तसा. थोडा वेळ हात तिथं राहायचा. मग ते तो परत मांडीवर घ्यायचे. दोन वर्षं मी दर रविवारी तो हात पाहिला. पुढं ते लेकीकडे खेड्यात राहायला गेले आणि तिथंच वारले. मला कळलं तेव्हा माती होऊन आठवडा झाला होता.

नगरच्या पाळकांची शिफारस आली होती. मुलगा शास्त्राला धरून बोलतो, असं तिच्यात लिहिलं होतं. मी गेलो नाही. घरची अडचण आहे म्हणून सांगितलं. बाईंनी कारण विचारलं नाही. बी.एड.चा फॉर्म मात्र त्यांनीच आणला. तो भरताना शेजारी बसून राहिल्या आणि वडिलांच्या शिक्षणाच्या रकान्यात मी रेघ मारायला लागलो तेव्हा म्हणाल्या, "रेघ नको मारू. निरक्षर लिही, सरळ. त्यांनी तुला शिकवलंय."

आता मी शिकवतो. एखादा मुलगा उत्तर देताना अडखळला, बाकाच्या कडेला हात ठेवून उभा राहिला, की मला पुढचं शिकवता येत नाही. मी खिडकीपाशी जातो. मुलांना वाटतं, सर धडा आठवतायत.

बाईंच्या डोळ्यांत काचबिंदू होता. नर्स असून त्यांनी उशिरा दाखवलं. गेल्या वर्षी त्यांची भाची त्यांना जालन्याला घेऊन गेली. मी पैठणहून निरोपाला आलो. बस स्टँडवर त्यांना खिडकीपाशी बसवलं आणि खाली उतरून उभा राहिलो. गाडी सुटायला वेळ होता.

"शांतवन, समोर पाटी हाय ना? वाच बरं, काय म्हणती?"

मी हसलो. मला वाटलं, काहीतरी माझं चुकलंय आणि बाईंनी नेहमीसारखा चष्मा हरवला. मी पाटी नीट वाचली, आपण चुकीच्या गाडीत तर बसवलं नाही ना, म्हणून दुसऱ्यांदा वाचली. गाडी बरोबर होती. मग मी वर पाहिलं. चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता. त्या पाटीच्या दिशेला पाहतही नव्हत्या.

गाडी हलायच्या आधी त्यांनी पिशवीतून ते जाडजूड शास्त्र काढून खिडकीतून माझ्याकडे दिलं. "मला आता कोणीबी वाचून दाखवंल. हे तुझ्यापाशी राहू दे." हात चाचपडत माझ्या डोक्यावर ठेवला. पेन्सिल दोऱ्याला लटकत होती.

लूकचा पंधरावा अध्याय उघडायला मला चार महिने लागले. दौलत गवंडी, भूक लागली म्हणून आला, तरी घेतला. त्याच्याखाली दुसऱ्या, थरथरत्या अक्षरात आणखी एक नाव होतं. शांतवन. पुढं काही नव्हतं. त्या सगळ्या पुस्तकात नावापुढं काही लिहिलेलं नाही अशी तेवढीच एक जागा आहे. मला ठाऊक होतं, हे बाईंना कोणी सांगितलं होतं, की त्या दिवशी चर्चबाहेरच कळलं होतं, मला माहीत नाही. मी त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसून पत्र लिहिलं आणि पैठणच्या पोस्टात टाकलं. ते असं.

प्रिय बाई,

सलाम. हे पत्र मीच तुम्हाला वाचून दाखवतोय. तुमच्या भाचीला फोन करून सांगितलं होतं, की माझं पाकीट येईल, ते फोडू नका, बाईंच्या उशाशी ठेवा, मी शनिवारी येतो. आधी टपालात टाकलं ते एवढ्यासाठी, की मला वाटेतून परत फिरता येऊ नये.

चर्चबाहेर तुम्ही मला विचारलंत, तुला ठाऊक नव्हतं ना. मी नाही म्हणालो. मला ठाऊक होतं. योहानचं, भाकरीचं, सगळं. दौलतबाबांनी मला स्वतः सांगितलं होतं. तरी मी उठलो, कारण नगरचे पाळक समोर बसले होते. दौलतबाबांच्या घरी तुम्ही माझी बाजू घेतलीत तेव्हा त्यांनी मला झाकलं. तुम्हीही मला झाकलंत. मी झाकून राहिलो.

मी शास्त्राप्रमाणे बरोबर बोललो होतो. बाई, माझं सगळ्यात मोठं खोटं तेच आहे.

गेल्या रविवारी मी पैठणच्या चर्चमधल्या मुलांना ती गोष्ट सांगितली. आई गोष्टीत नाही, हेही सांगितलं. तर एका मुलीनं विचारलं, सर, मग आई कुठं होती? मी म्हणालो, मला माहीत नाही. पण एक गवंडी होते, त्यांना माहीत होतं. आणि मी त्यांच्या बायकोची भाकरी सांगितली, ती शास्त्रातली नाही, एका घरातली आहे असं सांगून. दौलतबाबांचं नाव घेतलं. त्यांच्यासाठी एवढंच करता आलं. हेही फार उशिरा.

बाबांच्या नावाखाली तुम्ही माझं नाव लिहिलंय आणि पुढं जागा सोडलीय. ती जागा मी पाहिली. तुम्ही किती वर्षं सोडून ठेवली असेल ते मला विचारवत नाही.

माझं वाचून झालं. शास्त्र बरोबर आणलं आहे, उघडून तुमच्या मांडीवर ठेवतो. पुढं काय लिहायचं ते तुम्ही सांगा, मी लिहितो. पेन्सिल दोऱ्याला आहे.

तुमचा,
शांतवन